न लावलेला हात

त्रिशला सिस्टर निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण कडेगावच्या आसपासच्या बायकांना ते मान्य नाही. एकोणतीस वर्षं त्यांनी उपकेंद्रात बाळंतपणं केली. बाळ बाहेर आलं की सगळ्यांचे डोळे बाळाकडे. या बाई मात्र बाळामागून नाळेची वार पडायची वाट बघत बसायच्या, आणि पडली की धुऊन, पसरून, तिचा भाग न् भाग जुळवून बघायच्या. एखादा तुकडा आत राहिला तर रक्त जाऊन बाई हातची जाते, हे सांगून सांगून त्या थकल्या. पोराचं तोंड बघायचं सोडून ही बया वार बघत बसते, अशी बायका चेष्टा करायच्या. करेनात का बापड्या. जिनं नऊ महिने पोराला जेवू घातलं, श्वास पुरवला, तिची कुणीतरी विचारपूस करायला नको?

बाईंच्या हाताची मोठी ख्याती. नुसतं आतून तपासून बाळंतपण कधी होणार ते त्या अचूक सांगायच्या. त्याच हातानं एकदा घात केला होता. नोकरीचं पहिलंच वर्ष. हौसा नावाची बाई आली, आठवा महिना, रक्त जातंय, कळ मात्र नाही. त्रिशलाबाईंनी तपासायला बोटं आत घातली आणि धारच लागली. वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडावरच बसली होती, ती बोटांनी सुटली. जीप येईपर्यंत हौसा गेली, पोटातलं बाळही गेलं. गावानं नशिबाला बोल लावला.

गेल्या माघात पायगोंडा पाटलांच्या प्राचीचं डोहाळजेवण होतं. पहिलटकरीण, आठवा महिना, माहेरी आलेली. त्रिशलाबाई ओटी भरायला पुढं झाल्या तर पोरगी पांढरीफटक. कानाशी लागून विचारलं तेव्हा कळलं, सकाळपासून अंगावरून जातंय. आईला, म्हणजे दीपालीला, तिनं सांगितलंही होतं. कळ येतेय का, एवढंच दीपालीनं विचारलं. नाही म्हटल्यावर कपडा दिला, हिरवी साडी नेसवली आणि लेकीला पाटावर बसवलं. शंभर माणूस जेवायला बोलावलेलं, आणि कळ नाही म्हणजे काही नाही असा तिचा समज. काय म्हणावं या बाईला! कळ नसताना रक्त जातं, हीच तर भीतीची गोष्ट.

बाईंनी फाइल मागवून बघितली. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वार खाली असल्याचं लिहिलेलं होतं. पोट वाढेल तशी ती बहुतेकदा वर सरकते, तरी आठव्यात पुन्हा दाखवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरच्यांनी वर सरकते एवढंच ऐकलं.

त्रिशलाबाईंनी प्राचीला आतल्या खोलीत डाव्या कुशीवर निजवलं. दाराशी बायका गोळा झाल्या. दीपाली पुढं आली.

"आवं ताई, सांगलीला न्यायच्या आधी एकदा हात घालून बघा की. तुमच्या हाताला लगीच कळतंय."

बाईंनी दोन्ही हात पदरात गुंडाळले. "न्हाई. मी हात लावणार न्हाई, आन् दुसऱ्या कुणाला लावू बी देणार न्हाई. भरतेश, गाडी काढ."

भरतेश प्राचीचा भाऊ, त्यानं गाडी काढली. भरल्या पाटावरून पोर उठवली म्हणून बायका कुजबुजल्या, दीपाली रडायला लागली. बाई मात्र गाडी अंगणात लागेपर्यंत दारातून हलल्या नाहीत.

सांगलीची वाट सव्वा तासाची. गाडीतूनच त्यांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, रक्तगट सांगितला, ऑपरेशनची तयारी ठेवायला सांगितलं. तिकडून विचारलं, "आतून कुणी तपासलंय का?"

"नाही मॅडम. कुणीच नाही."

फोन ठेवला आणि त्यांना रडू फुटलं. हौसा गेल्यावर चौकशीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी हेच विचारलं होतं, आणि तेव्हाही त्यांनी "नाही" असंच सांगितलं होतं.

ऑपरेशन झालं, रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या, आई आणि लेक दोघी वाचल्या. नात आता रांगते. दीपाली अजून येईल-जाईल त्याला सांगते, ऐन वेळी सिस्टरनं माझ्या पोरीला हातसुद्धा लावला नाही. ते त्रिशलाबाईंच्या कानावर येतंच.

"खरं हाय ते," त्या म्हणतात. "न्हाई लावला."