पाहुण्याचा हंडा

तळेघरजवळच्या आमच्या वाडीत पाऊस चार महिने हटत नाही, आणि चैत्र लागला की प्यायला पाणी नाही. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. माझ्या दारी जेवायला-राहायला येणारी माणसं सगळी शहरातलीच, आणि त्यांना हसतं ठेवायचं हाच माझा धंदा होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरुवात झाली. भीमाशंकरच्या रानात भटकायला येणाऱ्या तरुण मंडळींना मी नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढायचे. आमचे मालक मंचरपर्यंत जीप चालवायचे, तेच गिऱ्हाईक घेऊन यायचे. मग पडवीला भिंत घालून दोन खोल्या काढल्या. तळेघरच्या एसटीडी बूथवर आमच्यासाठी निरोप येऊ लागले, आणि भातलावणी दुसऱ्यावर सोपवून मी सगळ्यांची 'मावशी' झाले. लई भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू?

उन्हाळ्यात वाडीचं पाणी म्हणजे ओढ्यातला एक झरा. खड्ड्यात पाणी पाझरायचं, ते वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. म्हणून हंडे ओळीनं लावायचे, आणि एका पाळीला एका घराचा एकच हंडा. सवलत एवढीच, की कुणाकडे पाहुणा आला तर त्या घराला एक हंडा जास्त. तो मागावा लागत नाही. बायाच म्हणतात, "पावणं आल्यात, भर गं." पाहुण्याच्या हंड्याला नाही म्हणणारी बाई आमच्या वाडीत जन्मली नाही.

मी तो हंडा रोज भरत होते. पहिल्या उन्हाळ्यात कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात बाया माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मला वाटलं, जळतात मेल्या.

एका सकाळी पाळीत माझ्यामागं शेजारची चुलत जाऊ होती. तिची सून नुकतीच बाळंत झालेली. माझ्याकडे मोठा ग्रुप उतरला होता, म्हणून मी रोजच्यासारखा पाहुण्याचा दुसरा हंडाही काठोकाठ भरला आणि खड्ड्यात नुसता गाळ राहिला. बिचारीचा हंडा अर्धासुद्धा झाला नाही.

"पावणं हायेत का गिऱ्हाईक, ते एकदा ठरव," ती म्हणाली.

"तुमाला काय करायचंय?" असं म्हणून मी फणकाऱ्यानं घरी आले.

मी भाकऱ्या थापायला बसले. जरा वेळानं बाहेर डोकावते तर काय, एक पोरगा माझ्या हंड्यातलं पाणी मगानं घेऊन बूट धूत होता. गाणं म्हणत! मी त्याच्या हातातला मग हिसकावून घेतला.

"अहो मावशी, पैसे दिलेत ना आम्ही?" तो म्हणाला.

दिले होते, खरंच दिले होते. पाहुणा कधी पैसे देतो का? जाऊ काय म्हणाली ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. लाजेनं माझी कानशिलं तापली. उरलेला हंडा उचलला आणि तडक जावेच्या दारात नेऊन ठेवला.

तिनं हातसुद्धा लावला नाही. "ने माघारी. गिऱ्हाइकाचं पाणी माझ्या बाळंतिणीला नको."

तो हंडा सगळ्या वाडीदेखत मी परत आणला. चुलीपुढं बसून खूप रडले. मग डोळे पुसले. रडून काही झरा भरत नाही.

संध्याकाळी मालकांना सांगितलं, "होळीपासून पाऊस पडेस्तोवर खोल्या बंद. औंदाचे राहिलेले दिवसही बंद."

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं? सुट्टीचा हंगाम हाच! चालत्या गाड्याला खीळ घालतीस?"

"घालते. पावसाळ्यात येतील, हिवाळ्यात येतील."

"एकदा तुटलेलं गिऱ्हाईक परत येत न्हाई."

त्यांचं चुकत नव्हतं, आणि ते मलाही कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी चालत तळेघरला गेले आणि बूथवरून एकेकाला नाही म्हणून कळवलं. एक जण म्हणाला, "मग आम्ही कायमचंच दुसरीकडे बघतो." मी म्हटलं, "बघा." फोन ठेवला आणि पुढचा नंबर फिरवला.

पावसाआधी आम्ही छपराला पन्हळी लावल्या, मागं टाकी बांधली. गिऱ्हाइकांना आंघोळीला त्या टाकीचंच पाणी, तेही माणशी एक बादली. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. जुन्यातले निम्मे आलेच नाहीत. मालकांनी नारायणगावच्या बाजारापर्यंत जादा खेपा धरल्या आणि माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. मी पुन्हा चिखलात उतरून भात लावला. होळी झाली तशी दोन्ही खोल्यांना कुलूप घातलं.

त्या चैत्रात झऱ्यावर माझ्यामागं पुन्हा जाऊच होती. वर्षभरात ती माझ्याशी अवाक्षर बोलली नव्हती. हंडा भरला, तो मी डोक्यावर घेतला.

"दुसरा?" तिनं विचारलं.

"एकच हाय. खोल्यांना कुलूप घातलंय, पाऊस पडेस्तोवर."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कुलूप दिसलं, मला वाटलं चार दिवसांचं असंल. ऐन हंगामात? अगं, मग खाशील काय?"

"तुमी खाल त्येच," मी म्हटलं.