पाखरांवरचा आळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही – आणि ह्यांनी तर त्यातली निम्मी भजी खाल्ली होती.

तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या सासऱ्यांना कधी पाहिलं नाही. पाहिलं असतंत तर तोंड उघडायचा धीर झाला नसता.

आमच्या अप्पांनी गिरगावातल्या चाळीत, खोलीसमोरच्या गॅलरीत, माणूस आत उभा राहील एवढा जाळीचा पिंजरा केला होता. आत पिवळे कॅनरी पक्षी. आणि – चाळीला हसू यायचं ते इथे – कुंड्यांमधून जिवंत झाडं! तुळस, गवती चहा आणि जाळीभर चढलेला मायाळूचा वेल. पाखरांना पानाची सावली हवी, नुसत्या दांडीवर बसवून त्यांना गायला सांगणं म्हणजे तुरुंगातलं भजन, असं अप्पांचं म्हणणं. शेजारचे बंडोपंत म्हणायचे, पाखरं सगळं फस्त करतील. कॅनरी फार तर कोवळा शेंडा टोचतो, वेल संपवत नाही – हे दाखवून देणं अप्पांच्या अब्रूचा प्रश्न होऊन बसलं होतं.

मग संयुक्त महाराष्ट्राचा सत्याग्रह आला आणि अप्पा खरोखरच तुरुंगात गेले. जाताना घराबद्दल अवाक्षर नाही. मला एवढंच म्हणाले, "सूनबाई, वेल सांभाळ."

आता मला सांगा – सत्याग्रहीचं घर म्हणून सारखी माणसं येणार, आणि चहाबरोबर द्यायला घरात काय होतं? सासूबाई नव्हत्या, मी नवी सून. एकदा – फक्त एकदाच, असं ठरवून – पिंजऱ्यात गेले, मायाळूची थोडी पानं खुडली, बेसनात बुडवली आणि तळली. काय वाहवा झाली! लग्न झाल्यापासून त्या घरात माझं कौतुक पहिल्यांदाच होत होतं. मग मी कुठली थांबते? पानं कुठली म्हणून कुणी विचारलं, तर बाजारातली. खाली रस्त्यावर लोक महाराष्ट्रासाठी घोषणा देत होते आणि वर मी वेल ओरबाडत होते.

वेल विरळ झाला तशा बंडोपंतांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पाखरांनी खाल्लाच की नाही, असं ते मजलाभर सांगत सुटले – माझ्याच भज्यांची बशी हातात धरून. मी गप्प. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, नाही का? मला तरी तेव्हा तसं वाटायचं.

अप्पा सुटले. गळ्यात हार, कपाळाला गुलाल आणि बरोबर तुरुंगातले सोबती. त्यांना आत म्हणे रोज या हिरव्या पिंजऱ्याचंच ऐकवलं होतं. घरात पाऊल टाकायच्या आधी अप्पा त्यांना पिंजऱ्यापाशी घेऊन गेले. जाळीवर नुसती वाळकी देठं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, पाखरांनी खाल्ला?"

मी – हो म्हणाले.

पोलिसांच्या लाठीपुढे न वाकलेला तो माणूस बंडोपंतांच्या दारात गेला आणि 'तुमचं बरोबर होतं' म्हणून हात जोडून आला. दुसऱ्या दिवशी कुंड्या बाहेर निघाल्या, पिंजऱ्यात लाकडी दांड्या लागल्या. दाणापाणी अप्पा वेळेवर द्यायचे, पण पाखरांशी बोलणं त्यांनी सोडलं. आधी तासन्‌तास बोलायचे हो. मला ते बघवायचं नाही. तरी बोलले का मी? नाही.

महाराष्ट्र मिळाला त्या दिवशी मी गोडाबरोबर मायाळूची भजी केली. या वेळी पानं खरोखरच बाजारातली. अप्पांनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, मग पिंजऱ्याकडे बघत म्हणाले, "दारात एवढा वेल होता तेव्हा तुला हे सुचायला हवं होतं. पाखरांच्या आधी आपण तरी खाल्ला असता."

मी त्यांच्या पानात आणखी दोन वाढली.