निरगुडीच्या अर्काची बाटली

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत तिच्याच उंदरांना खायला घालत होते. डोक्यातली नस फुटली, एवढंच तिचा भाऊ सांगू शकला. मी ‘बरं’ म्हणाले आणि उरलेले पिंजरेही आटोपले... त्या ‘बरं’ची मला अजून भीती वाटते.

चंद्रपूरच्या फार्मसी कॉलेजात आम्ही दोघी शिकवायचो. तिचं गाव एटापल्लीकडचं. तिकडे सुजेवर निरगुडीचा पाला बांधतात. त्यानं सूज खरंच उतरते का, हे तिला तपासायचं होतं. उंदराच्या पंजाला सूज आणायची, काहींना अर्क पाजायचा, काहींना नुसतं पाणी, मग पंजा नळीतल्या पाण्यात बुडवून सूज मोजायची. माझा गुडघा तेव्हाही सुजलेलाच असायचा. ‘दे की गं थोडा अर्क,’ म्हणून मी तिच्या मागे लागायचे. तिचा हेका एकच, ‘आधी उंदीर, मंग तू. तुले काई झालं तं मी कोणाले तोंड दाखवू?’

तिच्या गावात पाला तोडताना आजाऱ्याचं नाव घेतात आणि ते औषध त्यालाच देतात. सुनंदा बौद्ध घरातली, असल्या रीतींना हसणारी. पण झुडपापाशी तिचे ओठ हलताना मी पाहिले होते. ‘उंदरांची बारशी करतेस काय?’ मी चिडवलं. ती नेहमीसारखी हसली नाही.

काही आठवड्यांनी तिच्या आईला भेटायला गेले. बोलता बोलता मी त्या ओठांबद्दल विचारलं. म्हातारी माझ्या गुडघ्याकडे बघत राहिली. ‘ते तं तुमचंच नाव घे, बाई. म्हणे, माया मैत्रिणीचा गुडघा लई दुखते.’

प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये तिनं काढलेल्या अर्काची एकच बाटली उरली होती, आणि चाचणीची शेवटची फेरी व्हायची होती. गावच्या रीतीनं बाटली माझी, तिच्या हट्टानं उंदरांची. फ्रिज उघडला की सुनंदा मागे उभी आहे असं वाटायचं. वळून बघायची माझी हिंमत व्हायची नाही.

शेवटी अर्क उंदरांनाच पाजला. त्यांची सूज उतरली. पाणी प्यायलेल्यांचे पंजे तसेच टम्म राहिले. आनंदानं ओरडावं असा निकाल होता, आणि सांगायला ती नव्हती.

बाटली अजून फ्रिजमध्ये आहे, तळाशी हिरवट डाग असलेली. ती विसळायला माझा हात धजत नाही. कॉलेजचा जिना चढताना गुडघा ठणकतो आणि मागच्या पायरीवरून तिचा आवाज येतो, ‘आधी उंदीर...’

उंदरांचं झालं, सुनंदा. आता मी कोणाच्या मागे लागू?