उभा हात, आडवा हात

माझ्या माहेरी, पाथर्डीकडं, खिडकीला काच नव्हतीच. लाकडी झडपा होत्या. उघडल्या की उजेड, लावल्या की अंधार, मधलं काही नाही. त्यामुळं पुढं आम्ही केडगावात घर बांधलं आणि पुढच्या खोलीला मोठ्या काचेची खिडकी बसली, तेव्हा ती पुसायची कशी हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही नवरा-बायको चुकत चुकत शिकलो.

पहिली चूक पाण्याची. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, वाळलं की काचेवर पांढरे ठिपके. मग शेवटचा हात प्यायच्या पाण्याचा द्यायला लागलो. दुसरी चूक उन्हाची. तापलेल्या काचेवर पाणी जागीच सुकतं आणि रेघा उठतात. म्हणून रविवारी ऊन खिडकीवर यायच्या आत आटपायचं. जुन्या सुती बनियनचं फडकं ओलं करून फिरवायचं आणि मागून रद्दीचा कोरडा पेपर. एवढं केलं की काच आहे का नाही, हात लावल्याशिवाय कळत नसे.

तरी एखादी रेघ राहायचीच, आणि तिच्यावरून भांडण. मी आत, ते बाहेर स्टुलावर. मी म्हणायचे रेघ तुमच्या बाजूची, ते म्हणायचे तुझ्या. दोघंही पुसत बसायचो आणि रेघ तिथंच. शेवटी त्यांनीच तोड काढली. मी आतून हात उभा फिरवायचा, वर-खाली. त्यांनी बाहेरून आडवा. म्हणजे रेघ उभी दिसली तर माझी, आडवी दिसली तर त्यांची. मग वादच राहिला नाही. मी आतून बोट टेकवायचे, ते बाहेरून तेवढंच पुसायचे. सूनबाई चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "आत्या, काच पुसताय का एकमेकांला बोटं दाखवताय?"

सुप्याच्या कंपनीतून ते रिटायर झाले आणि ती खिडकी म्हणजे त्यांचं दुसरं गावच झालं. संध्याकाळी खुर्ची टाकून पुणे रस्त्याच्या गाड्या बघायच्या. मी भाजी निवडत असायचे. ही एसटी उशिरा आली, हा उसाचा ट्रक एका अंगाला कलला, असं सगळं मला सांगायचे. मला मान वर करायची गरजच पडत नसे. माझा अर्धा रस्ता मी त्यांच्या डोळ्यांनीच बघितलाय.

एका संध्याकाळी म्हणाले, काच तेलकट राहिली. गाडीच्या दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय. मला वाटलं, फोडणीचा धूर बसला असंल, आणि मी उठून माझी बाजू पुसली. दुसऱ्या रविवारी पाण्यात लिंबू पिळून पुसली. तरी कडं होतंच. मग म्हणाले, कडेकडेनं धूरकट दिसतंय, तू कोपरे सोडतीस. मला तर सगळं लख्ख दिसत होतं, पण मी कोपरे घासले. सूनबाईनं दुकानातली फवाऱ्याची बाटली आणली. निळं पाणी, वास चांगला, उपयोग शून्य. ते चिडायला लागले. जन्मात काचेवरनं इतकं बोलले नसतील. कधी भर दुपारीच फडकं घेऊन बाहेर उभे राहायचे, उन्हात, स्वतःचाच नियम मोडून.

असं किती तरी महिने चाललं. दोष काचेचाच, ह्यात आम्हा दोघांनाही शंका नव्हती.

मग एकदा तिन्हीसांजेला ते फाटकाशी उभे होते. मी तुळशीला दिवा लावायला बाहेर आले. रस्त्यानं दिवे लावलेला एक ट्रक गेला, आणि ते फाटक धरून तसेच त्याच्याकडं बघत राहिले. मी विचारलं, "काय झालं?"

"अगं," ते म्हणाले, "हितं तर काच न्हाई."

आवाज अगदी हळू होता. माझ्या हातातली काडी विझली. दुसरी पेटवायचं सुचलंच नाही.

नगरला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी डोळ्यांत यंत्रानं बघितलं आणि सांगितलं, काचबिंदू आहे. तो नजर कडेनं आत खात येतो, माणसाला पत्ता लागत नाही. गेली ती परत येत नाही. उरली ती टिकते का, त्यासाठी हे थेंब. रिक्षानं त्यांना घरी आणत होते. केडगावाची कमान आली तेव्हा म्हणाले, उगं तुला कोपरे घासायला लावले.

थेंब घातले, वेळेवर घातले. पण फार उशीर झाला होता. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. माझ्या माहेरच्या झडपांसारखं, मधलं काही नाही.

रविवार मात्र त्यांनी सोडला नाही. स्टूल बंद केलं. जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढी काच ते पुसतात, आडवीच. वरचं सूनबाई बघते. मी आतून बोट टेकवून काय उपयोग, म्हणून टकटक करते. आवाजाच्या अदमासानं त्यांचं फडकं तिथं येतं. कधी वीतभर इकडं, कधी तिकडं. मी पुन्हा वाजवते.

गेल्या रविवारी त्यांचा हात लवकर थकला. फडकं खाली घेतलं आणि काचेकडं तोंड करून म्हणाले, "ऱ्हायली का एखादी?"

माझ्या तोंडासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ होती.

"राहिली एक," मी म्हणाले. "उभी हाय. माझीच."

"मग पूस की."

मी पेपरचा बोळा घेतला आणि आतून वर-खाली घासत राहिले. कोरडा कागद काचेवर कुरकुरतो, तो त्यांना ऐकू जात होता. ते बाहेर थांबून राहिले, माझं होईस्तोवर. मग विचारलं, "निघाली?"

मी म्हटलं, निघाली. ते भिंत चाचपत आत आले. संध्याकाळी नेहमीसारखे खुर्चीवर बसले, रस्त्याकडं तोंड करून. मी भाजी घेऊन शेजारी बसले आणि कुठली गाडी चाललीय ते सांगू लागले. उन्हं उतरली तशी ती रेघ चांगलीच दिसायला लागली. सूनबाई फडकं घेऊन उठली होती. मी मानेनंच नको म्हटलं.