रेणूची रांग कोणती?

आटपाट वाटंवर एक दवाखाना होता, दवाखान्याला खिडकी होती, खिडकीत केसपेपर लिहिणारे जाधव भाऊसाहेब होते, आणि खिडकीपुढं आम्ही दोघी बहिणी, मी आणि माझी पाठची रेणू. दवाखान्याचं नाव विचारू नका. धाराशिवच्या वाटंवर आहे, एवढं पुरं. बीपीच्या गोळ्यांपायी इतक्या खेपा झाल्या की गोळ्या संपतात, किस्से संपत न्हायत.

भाऊसाहेब मान वर करायचे न्हायत. बायांच्या रांगेतून आला तर 'स्त्री', गड्यांच्या रांगेतून आला तर 'पुरुष'. तामलवाडीचे एक म्हातारबा खोकल्यासाठी आले आणि बायांची रांग आखूड बघून तिकडं घुसले. आत सिस्टरनं पेपर बघून विचारलं, "बाळंतपणं किती?"

"सात," म्हातारबा म्हणाले. "पर समदी बायकोनं केली."

रेणू पाळण्यात होती तवा भाऊ होती. विशीत देवीची परडी घेतली, लुगडं नेसली, तवापासनं बहीण. बाया म्हणायच्या, "तिकडं जा." गडी म्हणायचे, "बाई, इकडं कुठं?" मग ती मधोमध पंख्याखाली उभी राहायची. मला म्हणायची, "बसा तुमी घामात, आक्का. मला वारं लागतंय."

एकदा तापात ती गड्यांच्या रांगेतून गेली, तर तिला गड्यांच्याच वॉर्डात टाकलं. पदर गच्च धरून, भिंतीकडं तोंड करून पडली बिचारी. समोरच्या खाटेवरचा पैलवान दोन दिवस सदरा काढंना. सिस्टर म्हणाली, "उकडत न्हाय का?"

"समोर बाई हायत."

"पेपरवर पुरुष आहे."

"पेपरला दिसत नसंल. मला दिसतंय."

पुढल्या खेपेला मी शहाणपणा केला. रेणूला बायांच्या रांगेत ओढलं. पेपरवर 'स्त्री' आलं. त्या दिवशी तिची लघवी कालपासनं तटलेली, पोट नगाऱ्यागत. डॉक्टरीणबाईंनी पेपर बघून गर्भपिशवीची सोनोग्राफी लिहिली. मशीनवाली शोधती, शोधती. "पिशवी सापडंना."

रेणू तशा कळेतही म्हणाली, "बाई, मला साठ वर्षांत सापडली न्हाय."

मग धावपळ. नळी घातली तवा जीव खाली पडला. दुखणं निघालं प्रोस्टेटचं, पुरुषाच्या अंगात असती त्या गाठीचं. डॉक्टरीणबाई रागावल्या, "किडनीवर गेलं असतं! आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कुणी?" रेणू म्हणाली.

बाईंनी पेपर उचलला. उठल्या, तडक खिडकीशी गेल्या. तवापासनं भाऊसाहेब मान वर करून समद्यांना दोन गोष्टी विचारतात, तुम्ही स्वतःला काय मानता, आणि जन्मानं शरीर कोणतं. दुसरं हळू आवाजात. मी म्हणाले, "भाऊसाहेब, मला पाच नातवंडं हायती."

"त्याला रकाना न्हाय, आजी."

गाठीचं ऑपरेशन ठरलं. त्या दिवशी माय आली. नव्वदीची. चाळीस वर्षं तिनं रेणूला 'रमेश'च म्हटलं, लुगड्याकडं कधी बघितलं न्हाय. बाहेर बाकावर काठी धरून बसली.

दुपारी सिस्टर दारात आली, पेपर वाचत. "रेणुका. स्त्री. शुद्धीवर आल्यात, सगळं नीट झालं. आईला बोलवतायत. आई कोण?"

मी काही बोलायच्या आत माय काठी टेकत उठली.

"मी. दोन लेकी माझ्या. ही थोरली नुसती बडबडती. धाकटीला बघू द्या."