बोटांना कापूस कळेना

फटफटीवाल्यांनो, लांबच्या रस्त्यावर हात बधिर होऊ नयेत म्हणून काय करता, लवकर सांगा गा!

मी कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर, रोज धरमपेठेतून सावनेरला जातो. हँडल फार थरथरतं म्हणून काल मुठींवर सायकलची ट्यूब गुंडाळली. मूठ इतकी जाड झाली की आज सारा रस्ता ती आवळून धरावी लागली.

खरेदी केंद्रावर पोचलो तर बोटं मेलेली. पहिल्याच बैलबंडीतला कापूस ओढून पाहिला. धागा लांब की आखूड, काहीच कळेना. घाबरून खालची प्रत, म्हणजे कमी भाव, लिहून टाकली.

बंडीवाला म्हातारा म्हणाला, "साहेब, हात काहून चोळून राहिले? दुखते का?" वर मलाच चहा पाजला.

ट्यूब तिथंच फाडून फेकली. त्याच्या कापसाची प्रत मात्र बदलली नाही.

उद्या याच बोटांनी पुन्हा कापूस पाहायचाय. काय करू?