कोडीवरची एक

माझी सासू हट्टी आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगते, तेव्हा इथे सांगायला कसली लाज? पोंभुर्ण्यात नुसतं गिरजाबाई म्हणा, कुणीही तुम्हाला आमच्या दारात आणून सोडेल. बुरडाच्या घरात जन्मली, बुरडाच्याच घरात दिली, चाळीस वर्षं बांबूच्या टोपल्या विणून आठवडी बाजारात विकल्या. आता बारा बायांचा गट आहे, ती गटप्रमुख. विणणं, शिकवणं आणि बायांवर ओरडणं तिच्याकडे. कागद, फोन आणि तिचं ओरडणं ऐकणं माझ्याकडे.

मागच्या वर्षी चंद्रपूरला सरकारने परदेशी व्यापाऱ्यांना बोलावून मेळावा भरवला. तिथे डेन्मार्कची एक दुकानदार बाई, किर्स्टन, आमच्या पाव ठेवायच्या टोपलीवर भाळली. दुसऱ्या दिवशी थेट आमच्या अंगणात येऊन बसली, सासूच्या हातचं लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात खाल्ला आणि सहाशे टोपल्या सांगून गेली. एका खोक्यात वीस, अशी तीस खोकी. बायांनी घर, धानाची बांधी सगळं सांभाळून तीन महिन्यांत विणल्या. खोकी भरायच्या दिवशी मी नेमकी कागदांसाठी चंद्रपूरला गेले, आणि तिथेच घोळ झाला.

बंदरावर तपासणीत एक खोकं उघडलं, आत एकवीस. दुसरं उघडलं, एकवीस. कागदावर सहाशे आणि माल सहाशे तीस! आमचा माल पाठवणारा नागपूरचा एजंट सुरज, त्याचा फोन आला. कागदापेक्षा माल जास्त म्हणजे लपवून पाठवल्यासारखं. सगळी खोकी अडकली.

"आई, एकवीस कशा भरल्या?" मी विचारलं.

"कोडीवर एक द्याच लागते ना वं," ती शांतपणे म्हणाली.

वीस नगांची कोडी, आणि कोडी घेणाऱ्याला वरची एक. बाजारात तिने जन्मभर अशीच दिली. "मोजून वीसच देल्ल्या त गिऱ्हाईक म्हणन, बाई लय चिक्कट हाये. अन् ते त आपल्या घरी जेवून गेलेली बाई!"

मी कपाळावर हात मारला. सुरजने वाट सांगितली होती: 'मोजण्यात चूक झाली' असं लिहून द्या, गटप्रमुखाची सही घ्या, दंड भरा, माल सुटेल. शुक्रवारच्या जहाजावर चढला नाही तर किर्स्टनचा नाताळचा हंगाम हुकणार आणि ऑर्डर रद्द होणार. आज मंगळवार. मी चिठ्ठी लिहिली आणि सासूसमोर धरली. तिने वाचली, परत दिली.

"मी नाई करत सही."

"काऊन?"

"मले वीसपर्यंत मोजता येत नाई, असं लिवून देऊ? चाळीस वर्सं मोजून राह्यली मी. चूक नाई झाली. म्या देल्ली!"

अंगणात बाराही बाया जमल्या होत्या. कमळा रडकुंडीला आली. माझा तर तोल सुटला. म्हटलं, "आई, बारा घरांची मेहनत तुमच्या एका सहीवर अडली, अन् तुम्ही मानपान घेऊन बसल्या!"

"मंग खरं लिव," ती म्हणाली. "खऱ्यावर दहा सह्या करतो."

राग असा आला की चिठ्ठी मी टराटरा फाडली. आणि मग, काय करणार बाप्पा, खरं लिहिलं. आमच्याकडे कोडीवर एक देतात, माल सहाशे तीस आहे, मोजणी बरोबर आहे, कागदात या तीस दाखवायच्या राहिल्या ती चूक माझी, म्हणजे रिनाची. सासूने झोकात सही केली. मग मी किर्स्टनला फोन लावला. माझं इंग्रजी अडखळत चालणारं, पण त्या दिवशी धावलं. तिने सगळं ऐकलं, "प्रत्येक खोक्यात?" एवढंच विचारलं, आणि सहाशे तीस टोपल्या आपल्याला मान्य असल्याचं पत्र त्याच दिवशी पाठवलं. दोन्ही पत्रं जोडून सुरजने कागद दुरुस्त केले. दंड भरावा लागला तो लागलाच, पण गुरुवारी माल सुटला. सुरज म्हणाला, "ताई, अशी चिठ्ठी मी आजवर जोडली नव्हती." मला सासूचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू! तिला मात्र मी तो कळू दिला नाही.

परवा नवी ऑर्डर आली. हजार टोपल्यांची! शिवाय किर्स्टनने करारातच छापून घेतलं होतं: प्रत्येक खोक्यात वीस, अधिक भेट एक. आता कसली अडचण? मी बायांना गोळा केलं, ती ओळ मोठ्याने वाचली, मराठीत सांगितली. बायांनी टाळ्या पिटल्या. सासू मात्र कपाळाला आठ्या घालून बसलेली.

"मंजे एकवीस," ती म्हणाली. "कागदावर आली मंजे ते ठरलेली झाली. मंग वरची कुठी हाये?"